एकाच ढगातून वणवा आणि पूर

जुलै महिन्यात अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको किंवा युटा या राज्यांत असलेल्या माणसाला हवामानाच्या ॲपवर कधी कधी एकाच दुपारी दोन सूचना दिसतात. आज वणवा पेटून भराभर पसरण्याजोगे हवामान आहे, असे पहिली सांगते. आज अचानक पूर येण्याची शक्यता आहे, असे दुसरी सांगते. आधी आग की पाणी ते तरी ठरवा, असे वाचणाऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही. पण या दोन्ही सूचना नॅशनल वेदर सर्व्हिस या एकाच सरकारी खात्याने दिलेल्या असतात आणि दोन्हींमागचे कारणही एकच असते, ते म्हणजे दुपारनंतर आकाशात चढणारे गडगडाटी ढग. एकच ढग आगही लावू शकतो आणि पूरही आणू शकतो, आणि त्याने लावलेली आग पुढच्या वर्षीच्या पुराची तयारी करून ठेवते, हे कसे घडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दरवर्षी उन्हाळ्यात आईवडिलांना घेऊन ग्रँड कॅनियन पाहायला निघणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबांना तर ते माहीत असायलाच हवे.

ज्याने आपल्याकडचा वळीव पाहिला आहे त्याला हा ढग नवा नाही. सकाळपासून जमीन तापत राहते, दुपारी उकाडा असह्य होतो, चारच्या सुमारास क्षितिजावर काळेभोर ढग दाटतात, आधी धुळीचा लोट येतो, मागून टपोरे थेंब येतात आणि तासाभरात सगळे शांत होते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. वर जाताना ती थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. थेंब बनताना बाष्पातली उष्णता बाहेर पडते आणि ती त्या हवेला आणखी वर रेटते. हा क्रम चालू राहिला की ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत चढतो. तिथे बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात, आणि वीज तयार होते. इथपर्यंत सोलापूरचा ढग आणि ॲरिझोनाचा ढग सारखेच आहेत.

फरक पडतो तो ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंतच्या हवेत. पावसाळ्यात सह्याद्रीत ढगाचा तळ इतका खाली येतो की घाटातला रस्ता ढगातूनच जातो. पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या पठारांवर मात्र उन्हाळ्यात हाच तळ जमिनीपासून तीन-चार किलोमीटर वर असणे नेहमीचेच आहे आणि मधली सगळी हवा तापलेली, रखरखीत असते. ढगातून निघालेल्या थेंबांना ही हवा ओलांडून खाली यावे लागते, आणि बरेचसे थेंब वाटेतच वाफ होऊन संपतात. दुरून पाहिले तर ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते, पण ती जमिनीला टेकत नाही, मध्येच विरून जाते. या विरणाऱ्या पावसाला हवामानशास्त्रात व्हर्गा म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ‘विरणे’ या धातूचा सख्खा भाऊ वाटतो, पण तो लॅटिन आहे आणि त्याचा मूळ अर्थ डहाळी किंवा छडी असा आहे.

पाऊस वाटेत विरला तरी वीज विरत नाही. ज्या वादळातून जमिनीवर सुमारे अडीच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे इंचाच्या एक दशांशापेक्षा, कमी पाऊस पडतो त्यातल्या विजेला तिकडे ‘कोरडी वीज’ म्हणतात. विजेचा लोळ वाळलेल्या झाडावर किंवा गवतावर पडतो आणि ती ठिणगी विझवायला मागून पाणी येत नाही. आपल्याकडच्या वणव्यांमागे बहुतेक वेळा माणसाचा हात असतो, मग कोणी गवत पेटवलेले असो की विडीचे थोटूक टाकलेले असो, कारण आपल्याकडे वीज सहसा पावसाला सोबत घेऊनच येते. पश्चिम अमेरिकेतही माणसाने लावलेल्या आगी पुष्कळ असतात, पण दुर्गम डोंगरांतले कितीतरी मोठे वणवे विजेचेच असतात. त्यांत आणखी एक गोम आहे. वीज पडलेले झाड लगेच पेटतेच असे नाही. खोडाच्या आत किंवा मुळांशी साचलेल्या पालापाचोळ्यात निखारा कित्येक दिवस, क्वचित काही आठवडेही, धुमसत राहतो आणि एखाद्या कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी बाहेर येतो. त्यामुळे वादळ होऊन आठवडा उलटला, आकाश निरभ्र आहे, म्हणून वनखात्याचे लोक निर्धास्त होत नाहीत.

कोरडी वीज काय करू शकते हे 2020 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाने पाहिले. त्या आठवड्यात तिथे भीषण उष्णतेची लाट होती. 16 ऑगस्ट रोजी डेथ व्हॅलीत तापमान 54.4 अंश सेल्सिअसवर गेले. त्याच सुमारास प्रशांत महासागरातल्या फाउस्टो या विरत चाललेल्या वादळाचे बाष्प वरच्या थरांतून राज्यावर सरकले. खालची हवा कोरडीच राहिली आणि वर ढग झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात उन्हाळ्यात ढगांचा गडगडाट ऐकू येणे इतके दुर्मीळ आहे की मध्यरात्री लोक वीज पाहायला खिडक्यांशी उभे राहिले. काही दिवसांत हजारो विजा जमिनीवर पडल्या आणि त्यांतून शेकडो वणवे पेटले. सांता क्रूझच्या डोंगरातल्या वणव्याने बिग बेसिन हे रेडवूड वृक्षांचे जुने उद्यान होरपळून काढले, आणि राज्याच्या उत्तर भागात विजेने लागलेल्या अनेक आगी एकमेकींना मिळून ऑगस्ट कॉम्प्लेक्स या नावाचा जो वणवा झाला त्याने दहा लाख एकरांहून अधिक, म्हणजे चार हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जमीन जाळली. गोव्याचे सगळे क्षेत्रफळ त्याहून कमी आहे.

विजेपेक्षाही फसवा असतो तो विरलेल्या पावसाचा वारा. माठातले पाणी गार का होते, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते: पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते. ढगाखालच्या कोरड्या हवेत नेमके हेच होते, फक्त माठाच्या जागी काही घनकिलोमीटर हवा असते. थेंबांची वाफ होताना भोवतालची हवा एकदम थंड होते, थंड झाल्याने जड होते आणि खाली कोसळते. शहाबादी फरशीवर बादलीभर पाणी एकदम ओतले तर ते जसे चहूकडे फाकते, तशी ती हवा जमिनीवर आदळून सगळ्या दिशांना धावते. तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकतो. जपानमध्ये जन्मलेले आणि शिकागो विद्यापीठात काम केलेले शास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी विमानांच्या अपघातांचा अभ्यास करताना असे कोसळते वारे ओळखले आणि त्यांतल्या लहान, तीव्र प्रकाराला मायक्रोबर्स्ट हे नाव दिले. म्हणजे पाऊस जितका जास्त वाटेत विरतो, तितका हा वारा बळावतो. पाऊस पडला नाही, वादळ टळले, असे म्हणणारा माणूस इथे साफ चुकतो.

30 जून 2013 रोजी ॲरिझोनातल्या यार्नेल या लहान गावाजवळ याच वाऱ्याने घात केला. दोन दिवसांपूर्वी, 28 जूनला, डोंगरावर वीज पडून तिथे आग लागली होती आणि सुरुवातीला ती अगदी किरकोळ वाटत होती. 30 तारखेला दिवसभर आग ईशान्येकडे सरकत होती. प्रेस्कॉट शहराच्या ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या अग्निशमन तुकडीतले 19 जण आगीच्या पाठीमागे, आधीच जळून गेलेल्या आणि म्हणून तुलनेने सुरक्षित असलेल्या कड्यावर होते. दुपारनंतर दूरवर गडगडाटी ढग तयार झाले आणि त्यांच्याखालून निघालेली थंड हवेची लाट आगीच्या दिशेने निघाली. वारा बदलणार, अशी सूचना हवामान खात्याने दिलेली होती. तरीही ती तुकडी सुरक्षित जागा सोडून झुडपांनी भरलेल्या एका खोलगट दरीत उतरली. ती का उतरली, याचे पूर्ण उत्तर पुढच्या चौकशीतही मिळाले नाही. लाट पोहोचली तेव्हा आगीची दिशा जवळजवळ उलटी झाली, ज्वाळा त्या दरीच्या तोंडाशी आल्या आणि सगळे 19 जण मृत्युमुखी पडले. तुकडीतला एकच जण वाचला, कारण तो टेहळणीसाठी दुसरीकडे उभा होता. ज्या ढगांच्या वाऱ्याने हे केले त्यांचा पाऊस त्या दरीत पडलाच नाही. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत क्रूर वाटते.

आता त्याच ढगाचे दुसरे रूप पाहू. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या या पावसाळी हंगामालाही मान्सूनच म्हणतात. अरबीतल्या ‘मौसिम’पासून निघालेला शब्द तिथपर्यंत जाऊन पोहोचला आहे. आपल्या मान्सूनच्या तुलनेत तो अगदीच किरकोळ आहे, पण तत्त्व तेच: उन्हाळ्यात जमीन तापली की वाऱ्यांची दिशा बदलते आणि कॅलिफोर्नियाचे आखात, मेक्सिकोचे आखात व पूर्व प्रशांत महासागर यांच्याकडून बाष्प आत येते. पूर्वी फिनिक्समध्ये सलग तीन दिवस सरासरी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, 55 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 13 अंश सेल्सिअस, झाला की मान्सून आला असे जाहीर करत. 2008 पासून मात्र 15 जून ते 30 सप्टेंबर असा ठरावीक हंगाम मानतात. या हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत बाष्प बहुधा वरच्या थरांत येते आणि खालची हवा, गवत, झाडे सगळे अजून कोरडे असते. म्हणून जूनअखेर व जुलैची सुरुवात हा वणव्यांचा काळ. पुढे खालचे थरही ओले होतात, थेंब जमिनीपर्यंत पोहोचू लागतात आणि पुराची पाळी येते. या दोन टप्प्यांच्या सांध्यावरच्या दिवसांत एकाच जिल्ह्यात एका वादळातून पाऊस विरतो आणि शेजारच्या वादळातून धो धो कोसळतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन सूचना अशाच दिवशी सोबत येतात.

पुरासाठी ढगात पाणी भरपूर असून भागत नाही. तो ढग जागचा हलता कामा नये. वरच्या थरांत वारे मंद असले की ढग एकाच डोंगरावर ठाण मांडून बसतो, किंवा मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक ढग त्याच खोऱ्यावरून जातात. कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन नदीच्या खोऱ्यात 31 जुलै 1976 च्या संध्याकाळी असेच झाले. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षे पूर्ण होणार होती, शनिवारची सुट्टी होती आणि नदीकाठ तंबूंनी व सहलीला आलेल्या लोकांनी भरला होता. खोऱ्याच्या वरच्या भागात काही तासांत सुमारे 300 मिलिमीटर पाऊस कोसळला. खालच्या भागात असलेल्या अनेकांना पावसाचा पत्ताही नव्हता. अरुंद घळीतून आलेल्या लोंढ्याने 144 माणसे नेली. अनेक जण गाडी रस्त्यावरून दामटून पुराच्या पुढे पळायच्या प्रयत्नात मेले. काही पावले डोंगर चढले असते तर त्यांतले कितीतरी वाचले असते. त्यानंतर कोलोरॅडोतल्या घळींमध्ये पाट्या लागल्या, त्यांवर डोंगर चढणारा माणूस दाखवलेला असतो.

आता 300 मिलिमीटर म्हणजे मोठाच पाऊस झाला. पण वाळवंटात पुराला त्याच्या दशांश पाऊसही पुरतो. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर ती ढगफुटी. ॲरिझोनात तासाभरात 25 ते 30 मिलिमीटर पाऊस झाला तरी ओढे फुगतात. जमीन खडकाळ किंवा उन्हाने कडक भाजलेली असते, तिच्यावर माती आणि झाडोरा बेताचाच असतो, त्यामुळे पाणी मुरत नाही, ते थेट धावत सुटते. वर्षाचे अकरा महिने कोरडी असलेली वाळूची ओढ्याची वाट काही मिनिटांत छातीइतक्या पाण्याने भरते. तिकडच्या रस्त्यांवर पूल बांधण्याऐवजी अशा वाटांतून रस्ता सरळ उतरवलेला असतो, आपल्या खेड्यांतल्या फरशी पुलासारखा. घोट्याच्या जरा वर, सहा इंच वाहते पाणी उभ्या माणसाला पाडू शकते, फूटभर पाणी लहान गाडीला वाहून नेऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगू लागतात. ॲरिझोनात 1995 पासून एक कायदा आहे: रस्ता बंद केल्याचे अडथळे ओलांडून जो पाण्यात गाडी घालतो त्याच्याकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो. लोक त्याला ‘मूर्ख वाहनचालकाचा कायदा’ म्हणतात. असा कायदा आपल्याकडच्या काही फरशी पुलांवरही चांगला चालेल.

तिसरा टप्पा सर्वांत कमी लोकांना माहीत असतो, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. वणव्याने जळालेल्या उताराला तिकडे जळीताचा व्रण म्हणतात. निरोगी जंगलात पाऊस आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यात जिरतो, मग मुळांनी भुसभुशीत ठेवलेल्या मातीत उतरतो. वणव्यानंतर पाने नसतात, पालापाचोळ्याची राख झालेली असते, आणि मातीतही एक विचित्र बदल झालेला असतो. पाइनच्या सुया आणि झुडपांची पाने यांत मेणासारखे पदार्थ असतात. आगीत त्यांची वाफ होते, ती मातीत खाली शिरते आणि काही सेंटिमीटरवर, मातीच्या थंड थरात, कणांभोवती पुन्हा गोठते. तिथे पाणी न शोषणारा एक थर तयार होतो. राख बाजूला सारून त्या मातीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल राहतो, आत शिरत नाही. या सगळ्या कारणांनी ज्या उतारावर पूर्वी दिवसभराचा पाऊस मुरत होता, तिथून आता अर्ध्या तासाचा पाऊस जवळजवळ सगळाच्या सगळा खाली येतो. तो एकटा येत नाही. राख, सुटी माती, जळकी खोडे आणि मोटारीएवढे धोंडे घेऊन, ओल्या काँक्रीटसारखा दाट होऊन येतो. जळालेल्या उतारांवर अर्ध्या तासात सात मिलिमीटर इतक्या थोड्या पावसानेही असे चिखलधोंड्यांचे लोट सुटल्याची उदाहरणे आहेत. सात मिलिमीटर पावसासाठी कोकणात कोणी वाळत घातलेले कपडे आत घ्यायचीही घाई करणार नाही.

न्यू मेक्सिकोतल्या डोंगरात रुइडोसो नावाचे सहलीचे गाव आहे. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘गोंगाट करणारी’, आणि तो गावातून खळाळत जाणाऱ्या लहानशा नदीवरून आला आहे. 17 जून 2024 रोजी शेजारच्या मेस्कालेरो अपाची या मूळ अमेरिकी लोकांच्या जमिनीवर साउथ फोर्क नावाचा वणवा सुरू झाला आणि काही तासांत सगळे गाव रिकामे करावे लागले. सुमारे 1,400 बांधकामे जळाली, दोन माणसे दगावली. आग पूर्ण विझण्याआधीच जळालेल्या उतारांवर पाऊस पडून गावात पूर आले, आणि त्या उन्हाळ्यात ते पुन्हा पुन्हा येत राहिले. पुढच्या वर्षी, 8 जुलै 2025 च्या दुपारी, एक वादळ त्या व्रणावर थांबले. एरवी गुडघाभर वाहणारी नदी तासाभराच्या आत 20 फुटांच्या वर गेली, तिचे आधीचे सगळे विक्रम मोडले आणि दारे-खिडक्यांसह एक अख्खे घर तिच्या लोंढ्यावरून वाहत गेले. तीन जणांचा मृत्यू झाला. त्यांतली दोन लहान मुले होती. इतका पाऊस पूर्वीही त्या डोंगरावर पडला असेल. फरक होता तो त्याला धरून ठेवणाऱ्या जंगलाचा. उतारांवर पुन्हा गवत-झुडपे रुजेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते पाच वर्षे, अशा गावांवर ही टांगती तलवार राहते.

या सूचना वाचताना दोन शब्दांतला भेद लक्षात ठेवावा लागतो. ‘वॉच’ म्हणजे पूर येण्याजोगी परिस्थिती आहे, तयारीत राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर येतो आहे किंवा आलाच आहे, उंच जागी निघा. वणव्याच्या बाबतीत ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ याचा अर्थ आग लागली आहे असा नसतो. वारा, कोरडेपणा किंवा कोरडी वीज यांमुळे ठिणगी पडली तर ती आवरणार नाही, असा असतो. तंबूत राहणाऱ्याने त्या दिवशी शेकोटी पेटवायची नसते, आणि गाडी वाळलेल्या गवतावर उभी करायची नसते, कारण सायलेन्सरच्या उष्णतेनेही गवत पेटते.

मात्र या सूचना आपण उभे आहोत त्या जागेवरच्या आकाशावरून ताडून पाहायच्या नसतात, आणि माणसे फसतात ती नेमकी इथे. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ 30 जून 2024 रोजी एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते वरून अचानक वाढलेल्या पाण्यात. ॲरिझोनातल्या पेज गावाजवळची अँटिलोप कॅनियन ही घळ आपल्याकडच्या अनेकांनी फोटोंत पाहिलेली असते: पाण्यानेच कोरलेल्या नारिंगी भिंती, काही ठिकाणी इतक्या जवळ की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील, आणि वर आकाशाची निळी चीर. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिच्या खालच्या भागात पर्यटक उतरले तेव्हा तिथे पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ काही मैलांवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला झाले होते. तिथले पाणी त्या चिंचोळ्या वाटेत शिरले तेव्हा पळायला जागा नव्हती. अकरा पर्यटक बुडाले, वाटाड्या तेवढा वाचला. आता तिथे वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. तेव्हाच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या होत्या, त्यांच्या जागी खडकात घट्ट बसवलेले लोखंडी जिने आहेत, वर ओढून घ्यायला जाळ्या आहेत, धोक्याचा भोंगा आहे आणि हवामानाचा रेडिओ सतत चालू असतो. निरभ्र आकाशाच्या दिवशीही तिकिटाच्या खिडकीवर आजची फेरी रद्द झाली असे सांगितले, तर हुज्जत न घालता गाडी वळवावी. वरच्या अंगाला कुठे तरी ढग दाटलेला असतो.